राणीची अत्तरदाणी

काकांना 'माहीत नाही' एवढे दोन शब्द काही केल्या म्हणता येत नसत. बाकी भाषा त्यांना उत्तम येत होती, किंबहुना जरा जास्तच येत होती, असं काकूंचं मत.

उभा जन्म त्यांनी चौकातल्या औषधाच्या दुकानात काढला. गिऱ्हाईक यायचं डोकेदुखीची गोळी घ्यायला आणि जाताना घराला कोणता रंग द्यावा, मुलीला कुठल्या शाखेत घालावं, समोरच्या इमारतीला भेग का पडली, असं सगळं विचारून जायचं. काका चष्मा कपाळावर सरकवायचे, म्हणायचे, "सांगतो." आणि सांगायचे. त्यातलं बरोबर किती हा भाग अलाहिदा, पण रिकाम्या हाताने कधी कोणी परत गेलं नाही. चौकात त्यांचं नावच पडलं होतं, सांगतो-काका.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि काकांनी दुकान विकलं. दुकान गेलं, पण 'सांगतो' घरी आलं. चौकभर वाटलं जायचं ते सगळं आता एकट्या काकूंच्या वाट्याला येऊ लागलं. काकूंची सारी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत, कानाला हेडफोन लावून, परक्यांची बोलणी जोडून देण्यात गेलेली. निवृत्तीनंतर आपल्या कानांना जरा सुख लाभेल अशी त्यांची माफक अपेक्षा. पण चहा गाळताना गाळणीचा इतिहास, कपडे वाळत घालताना वाऱ्याची दिशा, आणि दुपारी डोळा लागतोय न लागतोय तोच, "अगं, झोपलीस? झोपेचं शास्त्र काय आहे, सांगतो."

म्हणून त्या दिवशी बागेतून फिरून येताना त्यांना संग्रहालयाच्या फाटकावर 'स्वयंसेवक मार्गदर्शक हवेत' ही पाटी दिसली, तेव्हा काकू जागच्या जागी थांबल्या. काकांच्या कोपराला धरून त्यांनी त्यांना पाटीसमोर उभं केलं.

"वाचा."

"वाचलं."

"आत जा मग."

संग्रहालय तसं लहानसंच. पूर्वीच्या पाणीपुरवठा कचेरीच्या इमारतीत होतं ते. तीन खोल्या, काचेची कपाटं, दर तासाला उशिरा टोले देणारं भिंतीवरचं घड्याळ. मागच्या दाराने बाहेर पडलं की मोठी बाग, आणि बागेच्या टोकाला एक टेकाड. त्या टेकाडात काही वर्षांपूर्वी खोदकाम झालं होतं आणि फार जुन्या वस्तीच्या भिंती, गटारं, चुली निघाल्या होत्या. भिंतींवर आता पत्र्याचं छप्पर होतं आणि जे हलवता येण्यासारखं, ते सगळं कपाटांत होतं. संग्रहालय सांभाळणाऱ्या मॅडम वयाने तरुण, अंगाने काडी, आवाजाने मांजरीच्या पावलांसारख्या. त्यांनी काकांना वाचायला पुस्तिका दिल्या, छातीला लावायला बिल्ला दिला, आणि घरी काकूंचे कान महिनोन्‌महिन्यांनी पहिल्यांदा थंड झाले.

काकांनी खरंच कष्ट घेतले, हे काकूही मान्य करत. पुस्तिका त्यांनी औषधांच्या यादीसारख्या घोकल्या. खापराचा रंग काळा का, लाल का, भट्टीत हवा कमी मिळाली तर काय होतं, विटांची लांबी-रुंदी सगळीकडे सारखीच का, हे जेवताना ताटातल्या वाट्या इकडेतिकडे सरकवून ते समजावून देत. लोकही खूश होते. फक्त एका कपाटापाशी गाडी अडायची.

त्या कपाटात मातीचं एक भांडं होतं. भांडं म्हणायचं ते आपलं रीत म्हणून, कारण त्याला ना बूड ना झाकण. हातभर उंचीचं नळकांडं, वर उघडं, खाली उघडं आणि अंगभर बोट जाईल एवढाली भोकं. खाली चिठ्ठी: 'छिद्रयुक्त मृत्पात्र. उपयोग अज्ञात.'

लोक वाचत, "हं" म्हणत आणि पुढे सरकत. काकांच्या जिवाला ते लागत असे. दुकानातून गिऱ्हाईक तसंच परत जावं तसं.

एके दुपारी काकू न सांगता संग्रहालयात गेल्या. बाहेर ऊन होतं, आत गारवा होता, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे, नवरा घरात नसतो तेव्हा नेमका कसा असतो, हे बघायची प्रत्येक बायकोला हौस असतेच. भोकांच्या भांड्यापाशी सात-आठ जणांचा घोळका उभा होता आणि मधून ओळखीचा आवाज येत होता.

"उपयोग अज्ञात असं लिहिलंय खरं. पण सांगतो. ही राणीची अत्तरदाणी. आत सुगंधी फुलं, साली भरायची, आणि वारा आला की भोकांतून सगळ्या महालात दरवळ. राणी मोठी मानी. संध्याकाळी खिडकीत बसायची. राजाला यायला उशीर झाला, तर एक शब्द बोलायची नाही. भांडायची नाही हं! नुसती अत्तरदाणी उचलून शेजारच्या दालनात नेऊन ठेवायची. राजा काय समजायचं ते समजायचा."

घोळक्यातल्या बायका हसल्या. काकूंना मात्र हसू येईना. राग आला की खोलीतला पंखा उचलून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवायची सवय कोणाची, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

संध्याकाळी काका घरी आले तेव्हा पंखा शेजारच्या खोलीत होता.

"तू आली होतीस," काका म्हणाले.

"राणी आली होती," काकू म्हणाल्या. "अहो, कुठला महाल आणि कुठली राणी? तुम्हीच सांगत होता ना, तिथे राजवाडा सापडलेलाच नाही म्हणून?"

"अजून सापडलेला नाही."

"आणि माझ्या रागाचं प्रदर्शन मांडलंत ते?"

"तुझं नाव कुठे घेतलं? शिवाय बघ, लोक थांबले की नाही? आजवर त्या कपाटासमोर एक माणूस थांबत नव्हता."

हे मात्र खोटं नव्हतं, आणि पुढचं सगळं घडलं ते त्यापायीच. थांबलेल्या माणसांत एक स्थानिक साप्ताहिकाचा बातमीदार होता. पुढच्या अंकात फोटोसकट मथळा आला: 'राणी रुसली की अत्तरदाणी हलायची!' मग काय विचारता. संग्रहालयात रीघ लागली. जो तो दारातून विचारायचा, "अत्तरदाणी कुठे आहे?" आणि थेट त्या कपाटाशी जायचा. जुन्या वासाचा काही अंश शिल्लक असेल या आशेने लोक काचेला नाक लावत. सफाईवाल्या मावशी रोज फडकं मारून कंटाळल्या. बाजारपेठेतल्या अत्तराच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी तर 'रुसवा' नावाची नवी बाटलीच काढली आणि एक काकांना भेट पाठवली. काकूंनी ती उघडली नाही.

असं चाललेलं असताना एका सकाळी मॅडम घरी आल्या. काकांनी त्यांचं स्वागत विजयी सेनापतीच्या थाटात केलं. मॅडमनी चहा घेतला, बिस्किट बुडवलं, ते कपातच पडलं, आणि त्या चमच्याने ते शोधता शोधता म्हणाल्या, "काका, गर्दी खूप वाढलीय. तुमच्यामुळे."

"छे छे," काका म्हणाले, पण कान टवकारूनच.

"फक्त अडचण एकच आहे. ती अत्तरदाणी नाहीये."

"मग काय आहे?"

"माहीत नाही."

इतक्या सहज, इतक्या गोड आवाजात कोणी हे दोन शब्द म्हणू शकतं, याचं काकूंना नवल वाटलं. काकांना तर ते अशोभनीयच वाटलं असावं.

"मॅडम, तुम्ही एवढं शिकलात. माहीत नाही म्हटलं की लोक पुढच्या कपाटाकडे जातात हो. त्यांना काहीतरी द्यायला नको का हातात?"

"द्यायला हवं," मॅडम म्हणाल्या. "तुमचं खरं आहे, ती चिठ्ठी फार कोरडी आहे. पण काका, परवा एका बाईंनी मला विचारलं की राणीचं नाव काय. मी म्हटलं, राणी होती की नाही हेच ठाऊक नाही. तर त्या माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, इथल्या काकांना सगळं माहीत आहे, तुम्ही नवीन आहात का?"

काकूंनी हसू चहात बुडवलं.

मॅडमनी मग मुद्द्याचं सांगितलं. पुढच्या रविवारी संग्रहालयाचा खुला दिवस होता. बागेतून टेकाडापर्यंत लोकांना हिंडवत न्यायचं, भिंती दाखवायच्या, आणि त्या भांड्याची एका कुंभाराकडून करून घेतलेली नक्कल लोकांच्या हातात द्यायची. "हे सगळं तुम्हीच करावं असं मला वाटतं. तुमच्याइतकं रंगवून कोणाला जमत नाही. अट एकच. जे माहीत आहे ते सांगायचं आणि जे माहीत नाही, तिथे तसं म्हणायचं."

"त्यात काय," काका म्हणाले.

मॅडम गेल्या आणि 'त्यात काय' ते दिसायला लागलं. काकूंनी तालीम घ्यायची ठरवली. वरणाचं पातेलं हातात धरून त्या समोर उभ्या राहिल्या. "अहो मार्गदर्शक, हे काय आहे?"

"याविषयी विद्वानांमध्ये…"

"विद्वान नकोत. दोन शब्द."

"निश्चित असं आज तरी…"

"दोनच शब्द."

"मा…" काका म्हणाले आणि त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले. पुन्हा बसले. "माझ्या मते!"

"अरे देवा," काकू म्हणाल्या.

आठवडाभर हाच प्रकार चालला. एकदा आंघोळ करताना दाराआडून त्यांनी 'माहीत नाही' म्हटल्याचा काकूंना भास झाला. पण विचारलं तर काका म्हणाले, "मी साबण कुठाय असं विचारत होतो." शनिवारी तर चिडलेच. "तुला चेष्टा सुचतेय. दुकानात बाया यायच्या, कडेवर तापाने फणफणलेलं पोर असायचं. डॉक्टर गावाला गेलेला. काका, उतरेल ना हो ताप, असं विचारायच्या. काय सांगायचं त्यांना? माहीत नाही? मी म्हणायचो, उतरतो, सकाळपर्यंत उतरतो, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. त्या चेहऱ्यांना 'माहीत नाही' कुठल्या बाटलीतून द्यायचं, सांग ना."

काकूंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. एवढ्या वर्षांत हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, हौस आहे बोलायची. त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि तालीम तिथेच थांबवली.

रविवारी बागेत चांगली गर्दी जमली. मॅडमनी काकांच्या हातात नक्कल असलेली पिशवी दिली, काकूंनी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली, आणि काका तोंड उघडणार एवढ्यात फाटकातून घडीचं स्टूल काखेत मारून आक्का आल्या.

आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. त्यांनी कोर्टात टंकलेखन केलं होतं. साक्षीदार बोलत आणि आक्का टंकत. थापा ऐकून ऐकून त्यांचा कान इतका तयार झाला होता की समोरचा खोटं बोलायला लागला की त्यांची बोटं आपोआप मांडीवर टकटक करू लागत. सगळ्या जगात काका घाबरत ते या टकटकीला.

"तू कशाला बोलावलंस तिला?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"मी नाही बोलावलं," काकू म्हणाल्या. "पेपर त्यांच्याकडेही येतो."

काका आधी जरा अडखळले, पण टेकाडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत रंगात आले. गटाराची सांडपाण्याची बाजू कोणती, ते उतारावरून कसं ओळखायचं, हे त्यांनी ओंजळभर पाणी ओतून दाखवलं. एका उंबऱ्याचा दगड मधोमध झिजला होता. तिथे ते म्हणाले, "एवढा दगड झिजायला किती पावलं लागली असतील बघा. घरातलं माणूस बाहेर जातं, परत येतं. बस, एवढंच झालंय इथे, पण कित्येक पिढ्या." लोक वाकून दगडाला हात लावून बघू लागले. आक्का स्टुलावर बसून ऐकत होत्या. बोटं स्वस्थ होती. काकूंनी दोनदा खात्री करून घेतली.

मग अत्तरवाल्या मालकीणबाईंनी हात वर केला. "अहो काका, ते सगळं छान आहे. पण राणीचं सांगा ना. आम्ही त्यासाठीच आलोय."

"हो हो, राणीचं!" आणखी चार-पाच जण म्हणाले.

काकांनी पिशवीतून नक्कल काढून वर धरली. भोकांतून उन्हाचे ठिपके त्यांच्या चेहऱ्यावर पडले. चष्मा कपाळावर गेला.

"सांगतो," ते म्हणाले. "ही जी राणी…"

टक. टकटक.

काकांनी तिकडे पाहिलं. आक्का कुठेतरी झाडाकडे बघत होत्या, पण बोटं मांडीवर होती. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. कॉलर आपण फार आवळली की काय, असं उगाचच त्यांच्या मनात येऊन गेलं. काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग जरा पांढरा.

"मला…" काका म्हणाले. घसा खाकरला. "हे काय आहे ते मला माहीत नाही."

मॅडमनी डोळे उघडले.

"काय म्हणालास?" आक्कांनी कानामागे हात धरला. "मोठ्याने बोल. ऐकू नाही आलं."

"माहीत नाही!" काका एवढ्या जोरात ओरडले की झाडावरची कबुतरं उडाली. "आक्का, मला माहीत नाही. या मॅडमना माहीत नाही. कोणालाच माहीत नाही! राणीबिणी काही नव्हती. राणी माझ्या घरची आहे, ती तिकडे उभी."

सगळ्या माना काकूंकडे वळल्या. अशा वेळी पृथ्वी दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण खालची जमीन संरक्षित होती, तिथे तशी सोय नव्हती.

अत्तरवाल्या बाई खट्टू झाल्या. "म्हणजे माझ्या बाटलीचं काय?"

"बाटली चांगलीच आहे," काका म्हणाले. "या भांड्याचं मात्र माहीत नाही." एकदा जमल्यावर त्यांना तो घास आवडायला लागला होता. "घ्या, हातात घ्या. बघा तुम्हाला काय वाटतं."

भांडं अत्तरवाल्या बाईंकडून एका नळदुरुस्तीवाल्याकडे गेलं. त्याने त्यातून एक डोळा मिटून पाहिलं. "पाइप तर नाहीच नाही. इतकी भोकं पाडणारा आमच्याकडे एक दिवस टिकायचा नाही."

"दिव्यावरचं झाकण असेल," कोणीतरी म्हणालं. "भिंतीवर नक्षी पडत असेल."

"दिव्याचं नसावं," मॅडम पुढे आल्या. आवाज मांजरीच्या पावलांचाच, पण आता लोक तो ऐकायला जवळ सरकले. "आतून काजळी सापडलेली नाही."

"माझ्याकडे कोंबडीची पिल्लं आहेत," जाड भिंगांचा एक माणूस म्हणाला. "मांजरापासून वाचवायला मी अगदी असंच काहीतरी उपडं घालतो."

"वरून उघडं आहे की हो. मांजर वरून नाही येणार?"

"तेही खरंच."

एका परिचारिकेला ते वाफ घ्यायचं साधन वाटलं. नुकत्याच बाप झालेल्या एकाने भांड्याच्या भोकांत बाळाची बोटं घालून दाखवली आणि म्हणाला, खेळणंच आहे, पुरावा समोर आहे. बेकरीवाला म्हणाला, दह्याचं पाणी गाळायला, आत कापड लावून. मॅडम म्हणाल्या, हे शक्य आहे, पण सिद्ध करता येत नाही. बेकरीवाल्याने लगेच नळवाल्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू स्पर्धा जिंकली. वाद पेटला. लोक पुढच्या भिंतीकडे जायचंच विसरले. काका त्या सगळ्यांच्या मधे, कोणालाही उत्तर न देता, नुसते ऐकत उभे होते. काकूंनी आपल्या नवऱ्याला एवढा वेळ ऐकताना आजवर पाहिलं नव्हतं. छान दिसत होते ते तसे. लग्नाच्या फोटोत दिसतात त्याहूनही बरे.

आक्का स्टूल मिटून काकूंच्या शेजारी आल्या. "साक्ष चांगली झाली," त्या काकूंना म्हणाल्या. मग हळू आवाजात, "पंखा उचलून नेतेस, ते अजून चालू आहे ना?"

"आक्का!"

"बंद करू नकोस. त्याला तेवढंच कळतं."

ऊन उतरायला लागल्यावर मॅडम आणि काका लोकांना चहाकडे घेऊन गेले. काकू उंबऱ्याच्या दगडापाशी पिशव्या सांभाळत मागे राहिल्या. तेवढ्यात धापा टाकत एक बाई टेकाड चढून आल्या. कार्यक्रम संपला का, असं त्यांनी विचारलं. संपला म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की काकूंना अगदी कसंसंच झालं. लांबून आल्या होत्या बिचाऱ्या, दोन बसगाड्या बदलून. भिंतींवरून नजर फिरवत त्या म्हणाल्या, "इथे राहायची ती माणसं कशी होती हो?"

काकूंनी त्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग झिजलेल्या उंबऱ्याकडे पाहिलं. आणि त्यांच्या कानांवर आवाज पडला तो त्यांचा स्वतःचाच होता.

"फार टापटीप माणसं. रोज सकाळी उठून हा उंबरा धुवायची. आणि बायकांचा शब्द घरात शेवटचा असायचा."

"हो का?" बाईंचा चेहरा उजळला.

"तर! पुरुष बोलायचे खूप, पण…"

मागून कोणीतरी खाकरलं. काकूंनी वळून पाहिलं. दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन काका उभे होते, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर असं हसू की ते पुसायला पंखे कितीही उचलले तरी उपयोग झाला नसता.

"चहा घ्या," ते त्या बाईंना म्हणाले आणि एक कप त्यांच्या हातात दिला. दुसरा काकूंपुढे धरला, पण सोडला नाही. "पुरावा?" त्यांनी अगदी मॅडमच्या आवाजात विचारलं.

काकूंनी कप ओढून घेतला.